ऐकतो का

तक्त्यावर प्रश्न एवढाच : ऐकतो का?
पुढं दोन चौकोन. हो. नाही.

मानवतला, जिनिंगच्या मागच्या गल्लीत
पत्र्याखाली माझी अंगणवाडी, एकवीस लेकरं.
दिवाळीपासून होळीपर्यंत भिंतीपलीकडं
कापसातून सरकी सुटत असते,
घर्रर्र, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.
त्यात कोणाला काय ऐकू येतंय?
मलाच माझा आवाज घशात कळतो, कानात नाही.

मागच्या साली मी सगळ्यांना हो केलं होतं.
दानिशलाही.
दानिश तर सगळ्यात गुणी.
उभे राहा म्हटलं की उभा,
हात जोडा म्हटलं की जोडलेले,
जरासाच उशिरा,
ओंकारच्या नंतर, नेहमी ओंकारच्या नंतर.
वाटायचं, सावकाश आहे पोरगं, बापावर गेलंय.

मग माझी दाढ काढली.
तीन दिवस गाल सुजलेला, तोंडावर पदर.
आणि तीन दिवस दानिश बिघडल्यासारखा.
ताट घे म्हटलं तर बसून,
बस म्हटलं तर पदराकडं टक लावून,
जसा पदराआड मी खाऊच लपवलाय.
चौथ्या दिवशी सूज उतरली, पदर खाली आला,
लेकरू पुन्हा गुणी.

त्या रात्री भाकरी थापता थापता
हात परातीतच राहिला.

अमावस्येला जिनिंग बंद असते.
पत्र्यावर चिमणी चालली तरी कळतं.
पंचफुलाबाईला म्हटलं, तुम्ही त्याच्यासमोर बसा,
मणी ओवायला द्या,
काही झालं तरी माझ्याकडं बघू नका.
मी मागं, तीन पावलांवर,
जोडवी फरशीला लागणार नाहीत अशी,
सावली पुढं जाणार नाही अशी.

हळूच म्हटलं : बोर.
त्यानं मणी ओवला.
जरा मोठ्यानं : दानिश.
मणी ओवला.
वाटीवर चमचा वाजवला.
शिवन्या वळली, कार्तिकी वळली,
दाराशी पडलेलं कुत्रं वळलं,
आणि त्यांच्याकडं बघून मग दानिश,
हसत,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
पातेल्याचं झाकण हातातून सोडलं तेव्हा मात्र
तो स्वतःहून दचकला.
म्हणजे काहीतरी पोचतं. किती, ते देव जाणे.
पंचफुलाबाईनं चेहरा हलवला नाही.
नंतर खिचडी ढवळताना तिनं दोनदा नाक ओढलं.

शाहेदा म्हणाली, ऐकतं की हो बाई,
मनावर घेत नाही. घरी बी कुणाचंच ऐकत नाही.
मी म्हटलं, ते ऐकणं वेगळं, हे वेगळं.
आपण दोन्हीला एकच शब्द ठेवलाय
आणि तुझं लेकरू मधल्या फटीत बसलंय.
ती गप्प. मग म्हणाली,
पावसाळ्यात कान फुटला होता,
लसणाचं तेल सोडलं, बरा झाला.
कोणता कान?
दोन्ही की.

परभणीची चिठ्ठी लिहून दिली, गुरुवारची.
रोज बुडेल, असं ती म्हणाली नाही.
मला ऐकू आलं.

तोवर त्याला भिंतीपासून उठवलंय.
मी खिडकीकडं तोंड करून बसते,
उजेड माझ्या ओठांवर.
गाण्याआधी त्याच्या खांद्याला हात लावते.
पदर कमरेला खोचलेला.

तक्ता अजून टेबलावर आहे.
चौकोन दोन्ही मोकळे,
कडेला बारीक अक्षरात :
समोरून, हो. पाठीमागून, अजून माहीत नाही.
सुपरवायझर मॅडम म्हणतील,
बाई, चौकोनात लिहा, कडेचं कोण वाचतं.

आणि मागच्या सालचे ते एकवीस हो,
माझ्याच हातचे, निळ्या पेनानं.
पुढच्या अमावस्येला ओंकारला बसवायचंय मणी ओवायला.
ओंकारकडं बघून कोण उठतं, ते कळलं.
ओंकार कुणाकडं बघतो, ते मी कधी बघितलं नाही.